मे महिन्यात मोटर किती तास चालते?

धरणातला साठा उतरू लागला की नाशिकमध्ये घरांच्या किमतींवरून एक वाद वर येतो, आणि दर उन्हाळ्यात तो तितक्याच ढिसाळपणे घातला जातो. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्या सोसायटीच्या दारात टँकर दिसतो तिथल्या फ्लॅटची किंमत सरसकट वीस-पंचवीस टक्के खाली धरावी. बँकांनी तर तिथे कर्जच देऊ नये. दुसरी बाजू म्हणते, पाणी हा महापालिकेचा प्रश्न, व्हॅल्युअरचा, म्हणजे घराची किंमत ठरवणाऱ्याचा, नाही; त्याने क्षेत्रफळ मोजावं, बांधकामाचं वय पाहावं, आजूबाजूचे दर काढावेत आणि आकडा लिहून मोकळं व्हावं. पहिल्यांना भीतीचा भाव लावायचाय, दुसऱ्यांना भाव लावायचाच नाही, आणि दोघांच्याही बोलण्यात एक लिटरसुद्धा येत नाही. माझं मत असं: पाण्याची अनिश्चितता बऱ्यापैकी मोजता येते. वर्षातल्या कोणत्या महिन्यांत किती लिटर कमी पडतात, ते भरून काढायला किती रुपये लागतात आणि जे पाणी मिळतं ते कोणाच्या हक्काने मिळतं, या तीन प्रश्नांची उत्तरं काढून ती किमतीत बसवावीत. जिथे पुरावाच हाती नाही तिथे एकच आकडा लिहिण्याचा हट्ट सोडून दोन किमती लिहाव्यात.

हे काही नवं शास्त्र नव्हे. याच जिल्ह्यात, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेसाठी जमीन बघणारा शेतकरी "विहिरीला पाणी आहे का" एवढंच विचारून परत येत नाही. त्याचा प्रश्न असतो, मार्चनंतर मोटर किती तास चालते? चार तास चालून विहीर उघडी पडते की दिवसभर चालते, पुन्हा भरायला रात्र पुरते की दोन दिवस लागतात, शेजारच्याने नवा बोअर घेतल्यावर पाणी किती खाली गेलं, आणि शेततळं आहे तर ते किती दिवस काढतं, हे सगळं तो भाव बोलण्याआधी विचारतो. तोच माणूस शहरात पोराला फ्लॅट घेताना मॉड्युलर किचन आणि लिफ्टचा ब्रँड बघतो, आणि पाण्याबद्दल बिल्डरच्या माणसाने सांगितलेलं "चोवीस तास" हे उत्तर ऐकून साठेखतावर सही करतो.

सरकारनेही पाण्याला भाव देण्यात कधी कसूर केली नाही, फक्त तो शेतापुरता दिला. १८३६ मध्ये इंदापूरपासून सुरू झालेल्या मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत जिरायत आणि बागायत वेगळी धरली गेली, आणि बागायतीतही विहिरीवरचं मोटस्थळ वेगळं, पाटावरचं पाटस्थळ वेगळं. दोन्हीकडे पाणीच, मग वेगळं का? कारण मोटेच्या पाण्याला बैल, माणूस आणि विहिरीची खोली लागते, पाटाच्या पाण्याला बंधारा आणि पाळी लागते. दोघांची खात्री वेगळी आणि खर्चही वेगळा. त्या काळच्या सारापद्धतीत आणखी एक बारकावा होता: शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधलेल्या विहिरीचा खर्च एका बाजूला आणि जमिनीखालच्या पाण्याचा नैसर्गिक लाभ दुसऱ्या बाजूला, असं दोन्ही वेगळं धरलं जाई. आजच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरांच्या, तक्त्यातही ग्रामीण भागात जिरायत आणि बागायत यांचे दर निराळे असतात. पण त्याच जमिनीचा बिनशेती आदेश निघाला, प्लॉट पडले, त्यावर रो-हाऊस उभी राहिली की तक्त्यातून पाणी गायब होतं. पिकाला पाणी लागतं आणि माणसाला लागत नाही, असं तर कोणी ठरवलेलं नसेल.

याहून जवळचं उदाहरण बागलाणचं आहे. मोसम आणि आरम नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एक पीक, पाणी सोडायला पाटकरी, आणि नदीत पाणी कमी असलं की एखादा फड त्या हंगामात कोरडा ठेवायचा. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे तुटवडा एकाच्या बोकांडी बसत नसे. तिथे जमिनीची किंमत करताना माती किती खोल एवढ्यावर भागत नव्हतं. कोणत्या फडात, पाळीवर हक्क किती, आणि तुटीच्या वर्षी काय होतं, हे त्या किमतीतच असायचं. आमच्या फ्लॅटच्या मूल्यांकन अहवालात मात्र पाणीपुरवठ्याची एक ओळ असते आणि तीत "उपलब्ध" एवढा शब्द लिहिलेला असतो. फडाच्या पाटकऱ्याने हा अहवाल वाचला असता तर पुढचा प्रश्न त्याने लगेच विचारला असता.

आता विरोधी मुद्दे. त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा बाजाराचा. व्हॅल्युअर आजूबाजूच्या विक्रीवरून किंमत काढतो. त्या सगळ्या घरांना पाण्याची तीच अडचण असेल तर ती त्या विक्रीच्या किमतीत आधीच उतरलेली आहे, पुन्हा वजा केली तर दोनदा वजा होईल. हे खरं आहे, आणि सरसकट टक्केवारी कापणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. पण हा मुद्दा एका अटीवर उभा आहे: तुलनेला घेतलेल्या घरांचा स्रोत तोच असला पाहिजे. पाथर्डी फाट्याच्या पुढे किंवा आडगाव-म्हसरूळच्या कडेला एकाच रस्त्यावर एका सोसायटीला महापालिकेची जोडणी आणि दोन चालू बोअर असतात, शेजारच्या सोसायटीला अर्धवट दाबाची जोडणी आणि एक आटलेला बोअर असतो, आणि तिसरी पूर्णपणे टँकरवर असते. तिन्हींचे सौदे एकाच दराने नोंदले जातात. का? एक कारण असं, की सौदा सप्टेंबरात झाला तर तिन्हीकडे टाक्या भरलेल्या असतात. दुसरं कारण कराचं आहे. मुद्रांक मूल्य, म्हणजे रेडी रेकनरने येणारी किंमत, कराराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर असेल तर फरकावर आयकर लागतो, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. म्हणून किंमत खाली आली तरी कागदावरचा आकडा रेडी रेकनरला चिकटून राहतो. अशा नोंदींवरून "बाजाराने पाण्याचा हिशोब केलाय" असं म्हणणं धाडसाचं आहे. आणि जे लोक पंचवीस टक्के कापा म्हणतात, त्यांनी हाच अडथळा विचारात घेतलेला नाही: कारण न देता इतकी खालची किंमत लावली तर ती कर अधिकाऱ्यासमोर टिकणार कशी? लिटर-रुपयांचा हिशोब जोडलेला अहवाल निदान पुरावा म्हणून तरी मांडता येतो.

दुसरा मुद्दा असा, की व्हॅल्युअर भूजलतज्ज्ञ नाही. जमिनीखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. मान्य. पण तो वकीलही नसतो, तरी बँक मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागवतेच. तो इमारतीचा सांगाडा तपासणारा अभियंता नसला तरी गळती आणि तडे लिहितो, आणि शंका आली तर तज्ज्ञाचा अहवाल मागवा असं सुचवतो. पाण्याबाबत एवढंही होत नाही. शिवाय इथली जमीन फारशी गूढ नाही. नाशिकखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. कठीण बेसाल्टच्या अंगात पाणी जवळजवळ मावत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यांत असतं. म्हणून एका प्लॉटवर पाणी लागतं आणि वीस फुटांवर कोरडी धूळ उडते. म्हणून खोल गेलं की पाणी वाढतंच असं नाही. आणि म्हणून एकाच भेगेवर दोन बोअर असले तर दुसरा सुरू झाला की पहिल्याची पातळी पडते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. जवळच्या गावच्या निरीक्षण विहिरीची दहा वर्षांची मे महिन्याची पातळी मागवायला भूजलतज्ज्ञ व्हावं लागत नाही.

प्रत्यक्ष चाचणीही अवघड नाही, फक्त ती फसवी होऊ नये म्हणून काय करायचं हे माहीत हवं. बोअरला "दोन इंची पाणी लागलं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, आणि ते जवळजवळ निरुपयोगी आहे. कोणी ते ९० अंशांच्या व्ही-नॉचवरून (पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेवरून) वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून म्हणतो, कोणी बाहेर आलेल्या पाइपाच्या जाडीवरून. व्ही-नॉचवर एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, पण दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर; इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटींहून अधिक होतं. म्हणजे अर्ध्या इंचाची थाप मारली तरी हिशोब कोसळतो. त्यात हे माप बोअर मारताना, कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी वर फेकलं जात असताना घेतलेलं असतं आणि तेही बहुतेक वेळा पावसाळ्यानंतरचं. त्यापेक्षा वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ जास्त प्रामाणिक. बादली तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला ४० आणि तासाला २,४०० लिटर.

पण बादलीसुद्धा पहिल्या अर्ध्या तासात खोटं बोलते. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटर उंचीला साधारण २१ लिटर पाणी उभं असतं. १०० मीटरचा पाण्याचा खांब असेल तर एकवीसशेच्या आसपास लिटर आधीच साठलेलं आहे. मिनिटाला ४८ लिटरने उपसलं तर पाऊण तास आपण केवळ हा साठा उपसतो, भेगांतून येणारं पाणी अजून तपासलेलंच नसतं. घर दाखवायला नेणारा माणूस दहा मिनिटं नळ सोडून दाखवतो ते याच साठ्यावर. पाहणीच्या आधी आठवडाभर उपसा बंद ठेवला की अशक्त बोअरही जोरात फेकतो. म्हणून चाचणीआधी बोअर नेहमीच्या वापरात असावा, मग बारा तास विश्रांती द्यावी, उभी पातळी मोजावी, आणि निदान चार ते सहा तास सलग उपसावं. दर अर्ध्या तासाला बादलीचं माप आणि पाण्याची पातळी लिहावी. पंप हवा ओढू लागला, धार तुटक झाली की लगेच थांबावं, नाहीतर कोरडा फिरून सबमर्सिबल जळतो आणि त्यावरून वेगळं भांडण होतं. थांबल्यावर पातळी परत वर यायला किती वेळ लागतो हे टिपावं; खरी बातमी तिथे असते. आड किंवा विहीर असेल तर काम आणखी सोपं. चार मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पातळी म्हणजे सुमारे १२,५०० लिटर. उपसल्यावर सहा तासांत एक मीटर भरली तर आवक तासाला २,१०० लिटरच्या आसपास. पातळी वर येते तसा भरण्याचा वेग मंदावतो, म्हणून पहिल्या तासाला चोवीसने गुणायचं नाही.

आणि हे सगळं मे महिन्यात, फार तर एप्रिलच्या शेवटी. ऑक्टोबरातली चाचणी घराची नव्हे, परतीच्या पावसाची परीक्षा असते. मे महिना हाती नसेल तर कागद तपासावेत. सोसायटीच्या तीन वर्षांच्या हिशोबात टँकरचा खर्च महिन्यावार निघतो. सामाईक वीजमीटरची बिलं तर चहाडखोर असतात: तीन एचपीचा पंप तासाला साधारण अडीच-तीन युनिट खातो, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे बारा महिने जवळपास तेवढेच. पावसाळ्यातल्या युनिटांपेक्षा मार्च-एप्रिलची युनिटं दीडपट झाली आणि टँकरही वाढले, तर पंप जास्त तास चालून कमी पाणी देतोय. युनिटं एकदम घसरली तर बोअरने मान टाकलेली आहे. पाण्याची प्रतही याच हिशोबात येते. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही. द्राक्षबागांना खेटून असलेल्या किंवा घरोघरी सेप्टिक टँक असलेल्या वसाहतीत नायट्रेट तपासल्याशिवाय बोअरला पिण्याच्या पाण्याचा स्रोत म्हणणं चूक.

लिटर झाले, आता हक्क. इथे फार मोठी घरंसुद्धा पोकळ निघतात. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात नसलेलं पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा आहे. हा हक्क आपला तसा शेजाऱ्याचाही. त्याने खोल बोअर घेतला आणि आपला आटला, तर भरपाई मागायला बहुधा जागा राहत नाही. म्हणजे आज चालणारा बोअर ही प्लॉटची कायमची मालमत्ता नसून चालू परिस्थिती आहे. पाणी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीतून येत असेल तर आणखी पुढे जाऊन बघावं लागतं: ते वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने पक्कं झालंय, नोंदवलेल्या दस्ताने मिळालंय, की मळेवाल्याच्या भल्या स्वभावावर चाललंय? नुसती परवानगी सहसा कधीही काढून घेता येते, आणि मळा विकला की नवा मालक ती काढतोच. सातबाऱ्याच्या इतर हक्कात "विहिरीत निम्मा हिस्सा" ही नोंद असली तरी पाइपलाइन नेण्याचा आणि पंप बसवण्याचा हक्क खरेदीखतात वेगळा लिहिलेला हवा. दुसऱ्याच्या शेतातून पाट किंवा पाइप नेण्यासाठी जमीन महसूल संहितेत तहसीलदाराकडे जाण्याची सोय आहे, पण ती शेतीच्या पाण्यासाठी; बंगल्याच्या टाकीसाठी नाही. प्लॉटिंगमध्ये तर पहिला प्रश्न असा, की सामाईक बोअर नक्की कोणाच्या जागेत आहे? खुल्या जागेत, की डेव्हलपरच्या न विकलेल्या प्लॉटमध्ये? आणि वीजमीटर कोणाच्या नावावर? या दोन उत्तरांवर लाखो रुपयांचा फरक पडतो आणि अहवालात दोन्ही नसतात.

महापालिकेची जोडणी असलेल्यांनी इथे निवांत होऊ नये, पण घाबरूही नये. गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा ५,६३० दशलक्ष घनफूट, दारणा आणि मुकणे या धरणांचा प्रत्येकी सात हजारांहून थोडा अधिक. पण हे सगळं पाणी शहराचं नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला गोदावरीवर खाली असलेल्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं. कागदावर पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे, म्हणून नळाचं पाणी या सगळ्या स्रोतांत सर्वांत भरवशाचं, हे निर्विवाद. तरीही धरणं उशाला आणि कोरड घशाला अशी अवस्था शहराच्या कडेला दिसते, कारण तिथला तुटवडा धरणातला नसून दाबाचा आणि तासांचा असतो. जलकुंभापासून लांब, उंचावर, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सोसायटीची खालची टाकी ठरलेल्या वेळात किती भरते, हे तपासायला एक काठी पुरते. पाणी आल्यावर आणि गेल्यावर टाकीतली उंची मोजायची, लांबी-रुंदीने गुणायचं, संपलं. गल्लीत टुल्लू पंप किती हे जमलं तर तेही पाहावं.

आता रुपये. चाळीस फ्लॅटची सोसायटी, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला २७,००० लिटर. समजा फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस यातलं काहीच मिळत नाही; म्हणजे ३२ लाख ४० हजार लिटर, १० हजारांचे ३२४ टँकर. टँकरला १,५०० रुपये धरले तर वर्षाला ४ लाख ८६ हजार, फ्लॅटमागे १२,१५०. हा खर्च कायमचा मानून ८ टक्क्यांनी भांडवली रक्कम (जिच्या ८ टक्के व्याजातून तो दर वर्षी भागेल ती) काढली तर येते सुमारे १ लाख ५२ हजार. टँकरचा दर वर्षाला ४ टक्क्यांनी चढेल असं धरलं तर दुप्पट, ३ लाखांच्या पुढे. फ्लॅट ४५ लाखांचा असेल तर ही वजावट सुमारे ३.४ ते पावणेसात टक्के बसते. आकडे बदला, रीत तीच राहते. चार महिने पूर्ण कोरड्या पडणाऱ्या सोसायटीचीही वजावट "पंचवीस टक्के कापा" म्हणणाऱ्यांच्या जवळपास जात नाही. उलट बारा महिने टँकर असतील तर फ्लॅटमागे वर्षाला ३७ हजारांच्या आसपास जातात आणि वजावट साडेचार लाखांच्या वर, म्हणजे दहा टक्क्यांच्या पलीकडे जाते, तीही दरवाढ न धरता. तिथे "पाणी हा व्हॅल्युअरचा प्रश्न नाही" हे वाक्य कसं टिकणार?

या रीतीचीही एक मर्यादा आहे आणि ती लपवू नये. टँकरचा खर्च हा तुटीचा भाव तेव्हाच असतो, जेव्हा टँकर भरायला कुठेतरी पाणी असतं. बरेच टँकर त्याच परिसरातल्या विहिरींवर भरतात. म्हणजे एका आटलेल्या बोअरची उणीव शेजारच्या, आटू घातलेल्या विहिरीतून भरून निघते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा तिथल्या घराच्या पाण्याला लिटरमागे बाजारभाव असा उरलाच नव्हता. सिन्नर-नांदगावच्या पट्ट्यात, ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या फार्महाऊस प्लॉटिंगमध्ये हा धोका खरा आहे. तिथे टँकरचा हिशोब किमान वजावट म्हणून धरावा आणि त्यावर स्पष्ट शेरा लिहावा.

राहिला तो मुद्दा, जो मला सर्वांत अस्वस्थ करतो. असे अहवाल सुरू झाले तर कडेच्या वसाहतींतली घरं घसरतील, तिथल्या लोकांनी आयुष्याची पुंजी घातलेली आहे, आणि बँका अख्ख्या भागावर फुली मारतील. ही भीती खोटी नाही. पण फुली मारण्याचं काम भागाच्या नावावरून होतं, मोजमापावरून नाही. "त्या बाजूला पाणी नाही" ही अफवा त्या बाजूच्या चांगल्या सोसायटीलाही बुडवते. दोन बोअर, पुनर्भरण केलेली विहीर, तीन वर्षांत टँकर नाही असा कागद असलेल्या सोसायटीला त्या अफवेतून वेगळं काढायला मोजलेला आकडाच लागतो. आणि गप्प अहवालाचा भुर्दंड कोणावर पडतो? वीस वर्षांचा हप्ता भरणाऱ्या, पहिलं घर घेणाऱ्या माणसावर. त्याची पुंजी काय पुंजी नाही?

मग राहते आशा: नवी वाहिनी येणारच आहे. मुकणे धरणाचं पाणी नाशिकजवळच्या विल्होळीला आलं, तसं उद्या आपल्याकडेही येईल. येईलही. पण योजना कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर तिचा भाव ठरतो; प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, पाइप टाकणं, चाचणी आणि मग घरजोडणी, या पायऱ्यांत वर्षं जातात. वरच्याच उदाहरणात पाणी चार वर्षांनी येणार असेल तर वजावट फ्लॅटमागे १२,१५० च्या चार हप्त्यांची आजची किंमत, सुमारे ४० हजार. दहा वर्षं लागणार असतील तर साडेएक्याऐंशी हजार. कार्यादेश निघालेला असेल तर पहिला आकडा धरावा, नुसतं भाषण झालं असेल तर कायमचा.

पुरावा मुळातच नसेल तर, आणि बहुतेक वेळा तो नसतोच, अहवालात दोन ओळी असाव्यात: पाणी सिद्ध झालं असं गृहीत धरून किंमत अमुक, सिद्ध न झाल्यास, भरपाईचा खर्च वजा करून, किंमत तमुक. गृहीतक ठळक लिहून किंमत देणं मूल्यांकनाच्या मानकांना मान्य आहे. चालत नाही ते गृहीतक लपवणं. बँकेने कर्ज खालच्या किमतीवर मंजूर करावं आणि फरक मे महिन्याच्या चाचणीनंतर सोडावा. रोखीने घेणाऱ्यांनी साठेखतातच तो फरक राखून ठेवावा: रक्कम किती, ती दोघांच्या संमतीने कोणाकडे राहील, चाचणी कोणत्या तारखांच्या दरम्यान, किती तास, तासाला किती लिटरच्या खाली आल्यास किती रुपये परत, आणि पंप जळाला तर खर्च कोणाचा. चाचणीचा खर्च विकणाऱ्याने सोसावा, कारण मागचे उन्हाळे त्या घरात त्याने काढलेत; पाण्याबद्दल सर्वांत जास्त त्यालाच माहीत आहे. तो या कलमाला तयार झाला नाही, तर घासाघीस दुसऱ्या किमतीपासून सुरू करावी.